सल्ल्यानुसार

आमच्या राष्ट्रप्रमुखाने अडतीस वर्षांत एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. एकोणतीस वर्षं मी त्याची सचिव होते, त्याच्या सहीखालचा शिक्का मीच मारायची, म्हणून मला माहीत आहे.

पॅसिफिकमधल्या आमच्या सात बेटांवर नवा झेंडा चढला त्या वर्षी मोठ्या सरदारांनी त्याला तहहयात खुर्चीत बसवलं. घटनेत त्याच्यासाठी एकच काम होतं, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागायचं. तेवढं त्याने चोख केलं. सात पंतप्रधान आले, गेले. प्रत्येकाने कागद पुढे केला की म्हातारा चष्मा लावायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ‘आपल्या सल्ल्यानुसार’ म्हणायचा आणि सही ठोकायचा. बाकी वेळ फिती कापायच्या, फणसाची रोपं लावायची, परदेशी राजदूतांना कोको पाजायचा. त्याने लावलेली निम्मी रोपं डुकरांनी खाल्ली. झेंड्याच्या दिवशी आणि नाताळला रेडिओवर दुसऱ्याने लिहिलेलं भाषण वाचायचं. त्या घोगऱ्या आवाजाची नक्कल आमच्याकडचं शेंबडं पोरही करतं.

त्याचं नाव सोलोमोना. समोर आम्ही ‘आफिओगा’ म्हणायचो, मोठ्या सरदाराला तसंच म्हणतात. पाठीमागे नुसतं म्हातारा. इथेही म्हाताराच म्हणते, त्याला राग येणार नाही.

त्या रविवारी सकाळी त्याने माणूस मारला.

डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं की डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गाडीला हात लावायचा नाही. पण रविवारी ड्रायव्हर इओसेफोला सुट्टी असायची आणि म्हाताऱ्याला आपल्या मळ्यातली केळी बघायची असायची. सारं राज्य त्याला हाताला धरून चालवायचं, म्हणून असेल, पण गाडी चालवायचा त्याला भारी सोस. मी दोनदा किल्ल्या लपवल्या होत्या. तिसऱ्यांदा आळस केला. तो आळस मला अजून खातो.

वाइतोआ गावाच्या वळणावर तोमा नावाचा कोळी खांद्यावर मासे घेऊन घरी चालला होता. वय बेचाळीस, तीन लेकरं. म्हाताऱ्याला तो दिसलाच नाही.

सोमवारी दहा वाजता पंतप्रधान फिलेमोनी स्वतः कागद घेऊन आले. तसा माणूस वाईट नाही, फक्त घाम फार येतो. कागदावर लिहिलं होतं की गाडी इओसेफो चालवत होता, अपघातग्रस्त इसम जागच्या जागी मरण पावला, राष्ट्रप्रमुखांना अतीव दुःख झालं आहे.

“एक सही, आफिओगा,” ते म्हणाले. “बाकीचं आम्ही बघतो.”

म्हाताऱ्याने चष्मा लावला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“इओसेफो तेव्हा स्वतःच्या घरी पाव खात होता,” तो म्हणाला.

“त्याने कबूल केलंय. काल संध्याकाळीच चौकीत जाऊन बसला. आम्ही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. म्हणतो, ती सीट माझी आहे, तीस वर्षं मीच बसतोय.”

“गाढव आहे तो.”

“इमानी आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

फिलेमोनींनी रुमालाने मान पुसली. “तोमाचा भाऊ चौकीत आला होता. इओसेफोला एकच विचारत होता, जाताना माझा भाऊ काय बोलला ते सांग. म्हातारी आई विचारतेय म्हणाला. इओसेफो काय सांगणार? रडला नुसता. म्हणून निवेदनात ‘जागच्या जागी’ घातलंय. म्हणजे प्रश्नच मिटला.”

“जागच्या जागी नाही गेला तो,” म्हातारा म्हणाला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्याकडे दिलं. “ठेवून दे, मासिना. शाई वाळेल.”

“मंत्रिमंडळाचा सल्ला आहे, आफिओगा.” पंतप्रधानांचा आवाज खाली आला.

“नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. फिलेमोनींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते माझ्याकडे बघायला लागले.

“मी उद्या पहाटे वाइतोआला जातो,” म्हातारा म्हणाला. “चटई घेऊन.”

चटई घेऊन म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. कुणाच्या हातून कुणाचा जीव गेला की त्याने उजाडायच्या आत मेलेल्याच्या दारात जायचं, सोबत चुलीची लाकडं नि दगड न्यायचे, म्हणजे घ्या, हवं तर भाजून खा मला. आणि डोक्यावर बारीक विणीची चटई पांघरून गुडघ्यांवर बसायचं. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. दगड आला तर तोही झेलायचा.

“तुम्ही गुडघे टेकलेत तर देश गुडघे टेकेल!” फिलेमोनी उभेच राहिले.

“देशाचे गुडघे धड आहेत. दुखतात ते माझे.”

“मग मी पोलीस देतो, वाद्यं देतो, रीतसर...”

“एक माणूस पाठवलात,” म्हातारा म्हणाला, “तर मी त्याच्यासमोर खरं काय ते रेडिओवर वाचून दाखवीन. या वेळचं भाषण माझं मी लिहिलंय.”

ते गेल्यावर मी तोंड उघडलं. मला मूग गिळून बसता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

“तुमचं काय डोकंबिकं फिरलंय? तुम्ही दारात दिसलात की अख्खं वाइतोआ जमिनीला नाक लावेल. तुमचं डोकं खाली नि त्यांचं वर, हे चालेल का त्यांना? दोन मिनिटांत चटई उचलतील आणि वर तुमच्यासाठी डुक्कर कापतील. ती काय माफी झाली? ती सलामी झाली!”

“बरोबर,” तो म्हणाला. “म्हणून मी कोण आहे ते कळता कामा नये. अंधारात चटईखाली जाऊन बसतो. इओसेफो आलाय असं समजतील. समजू देत. तू बरोबर ये, आणि चकार शब्द काढायचा नाही. जमेल का तुला? आधी सांग.”

“जमेल.”

“खोटं बोलतेस. तरी ये.”

चटईचाही घोळ झाला. पाहुण्यांनी आणून दिलेल्या चारशे बारीक चटया भांडारात होत्या. मी त्यातली सगळ्यात मोठी काढली, तांबड्या पिसांच्या काठाची. म्हातारा म्हणाला, ती खुर्चीची आहे, ठेवून दे. त्याच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा चटया अडतीस वर्षांत लोकांच्या लग्नांत नि मयतींत वाटून संपल्या होत्या. एक उरली होती. ती कापराच्या पेटीत होती.

त्याची बायको लेआता हिने ती विणली होती. केवड्याची पानं इतकी बारीक चिरलेली की हाताला कापड वाटावं. चार वर्षं लागली तिला. पुरी झाली तेव्हा माझ्यासमोर म्हणाली होती, “तुमचा म्हातारा मेला की यातच गुंडाळायचा, मासिना. दुसरं काही त्याच्या अंगावर टाकलंत तर मी उठून येईन.” पुढच्या वर्षी तीच गेली.

“ही नाही,” मी म्हटलं. “ही गेली की परत मिळणार नाही. चटई उचलली तर त्यांची होते.”

“जी परत हवीशी वाटेल ती चटई नेऊन काय उपयोग?” म्हातारा म्हणाला. माझे डोळे भरले. मी लाकडं बांधायला परसात गेले.

मंगळवारी पहाटे माझ्या भावाचा टेम्पो मी चालवला. म्हातारा शेजारी मांडीवर पेटी घेऊन बसला होता. वळणावर मी वेग कमी केला. तो म्हणाला, “थांबव.” खाली उतरला, रस्त्याला हात लावला, परत बसला.

तोमाचं घर आमच्या सगळ्या घरांसारखंच, भिंती नसलेलं. खांब, वर गवताचं छप्पर, खाली काळ्या दगडांचा ओटा. आत दिवा होता, मयत मध्यभागी पांढऱ्या चादरीत होतं, भोवती बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्याने ओट्यासमोरच्या वाळूवर गुडघे टेकले. आवाज आला गुडघ्यांचा. मी त्याच्यावर चटई टाकली, पुढे लाकडं नि दगड मांडले आणि मागे जाऊन मान खाली घालून बसले. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. मला त्याचे तळवे तेवढे दिसत होते.

उजाडलं तसं त्यांनी आम्हाला पाहिलं.

“आला बघा!” तोमाचा भाऊ पाउलो ओरडला. “आला ड्रायव्हर! मालक कुठाय तुझा? फिती कापतोय का?”

“पाउलो, खाली बस,” बायकांमधून एक आवाज आला. ती आकेनेसे, तोमाची आई. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, मुलाच्या डोक्याशी बसलेली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

सात वाजले. आठ वाजले. गाव येऊन रस्त्यापलीकडे बसलं. कुणी म्हणत होतं, ड्रायव्हरला सोडलं कसं चौकीतून? कुणी म्हणत होतं, आफिओगाने रदबदली केली असेल, तो काय, सांगतील तिथे सही करतो. हसले चार जण. चटई हलली नाही. मी दात आवळून बसले होते.

नऊच्या सुमाराला पाउलोने दगड मारला. तो म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसला, चटईखाली धप्प झालं, आणि म्हातारा एका बाजूला कलला. मी अर्धी उठले. चटईखालून त्याचा हात बाहेर आला, वाळूवर टेकला, आणि बोटाने मला खुणावलं, बस. मग तो स्वतःच सरळ झाला. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं, आणि ते कुणाला सांगायलाही उपयोगाचं नाही.

ऊन चढलं. दहा वाजता रस्त्यावर धूळ उडाली. फिलेमोनींची काळी गाडी, मागे पोलिसांची. मी पळतच वळणावर गेले आणि गाडीपुढे आडवी उभी राहिले.

“बाजूला हो, मासिना,” त्यांनी काच खाली केली. “मरेल तो माणूस उन्हात.”

“मरेल तर मरेल. आत गेलात की सगळ्यांना कळेल कोण बसलंय. मग गाव पाया पडेल आणि ती आई तोंड मिटून घेईल जन्मभरासाठी. चार तास बसलाय तो. ते पाण्यात घालायचेत तुम्हाला?”

“तुझी नोकरी जाईल.”

“मग हे घ्या.” मी पर्समधून शिक्का काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. “मारत बसा.”

फिलेमोनींनी शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि काच वर केली. दुपारपर्यंत ते त्या तापल्या गाडीत बसून होते. त्यांच्याविषयी मी जे काही बोलते त्यात हेही सांगते.

मी परत आले तर आकेनेसे ओट्याच्या काठाशी येऊन बसली होती. हात लांब करून तिने चटईचा काठ बोटांत धरला. विणणाऱ्या बायका डोळ्यांआधी बोटांनी बघतात. तिने काठ चोळला, वीण मोजल्यासारखी बोटं पुढे सरकवली.

“ही ड्रायव्हरच्या घरची चटई नाही,” ती म्हणाली. “हिला चार वर्षं लागलीत. कोण आहेस तू?”

तिने काठ हलकेच ओढला.

“बोल. इओसेफो नाहीस तू. कोण आहेस?”

“गाडी मी चालवत होतो,” म्हातारा म्हणाला.

तो आवाज. झेंड्याच्या दिवशी, नाताळला, अडतीस वर्षं घराघरांत ऐकलेला. पलीकडे बसलेलं गाव एकदम गार पडलं. गावचा मुख्य सरदार धडपडत पुढे आला, जमिनीवर बसला आणि चटईकडे हात नेला. “आफिओगा! अरे देवा, उचला रे, उचला...”

“हात मागे घे,” आकेनेसे म्हणाली.

“अगं, कोण आहे ते कळतंय का तुला?”

“चटईखाली आफिओगा नसतो. माझ्या पोराला मारणारा आहे तो. हे दार माझं आहे, मागे हो.”

सरदार मागे झाला. पाउलो खांबाला धरून उभा होता, तोंडाचा रंग उडालेला. आकेनेसेने पुन्हा चटईचा काठ धरला.

“तू थांबलास का?” तिने विचारलं.

“थांबलो.”

“चौकीत म्हणाले, जागच्या जागी गेला.”

“नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोडा वेळ होता तो. मला ओळखलं नाही त्याने. मला कुणी गावातलाच समजला.”

“काय बोलला?”

“म्हणाला, मासे उन्हात ठेवू नका. आईला द्या. मोठा मासा तिचा, शेपटीकडचा भाग तिला आवडतो.”

आकेनेसेचा हात चटईवर तसाच होता. मागून तोमाच्या बायकोचा हुंदका आला, मग सगळ्या बायकांचा. आकेनेसेचं रडणं मात्र आवाजाविना होतं, खांदे हलत होते नुसते.

“मासा होता,” ती शेवटी म्हणाली. “रविवारी कुणीतरी पायरीवर केळीच्या पानात ठेवून गेलं होतं. कुणी ते कळलं नाही. मी शिजवला नाही.”

“मी ठेवला होता,” म्हातारा म्हणाला. “आणि वर यायचा धीर झाला नाही. तेव्हाच यायला हवं होतं. डोळे गेलेत, डॉक्टरने गाडी चालवू नको सांगितलं होतं, तरी मी चालवली. इओसेफोचा काही दोष नाही. एवढं सांगायला आलो. आता तुला वाटेल ते कर.”

ती उठली. गुडघ्यांवर हात देत दोन पायऱ्या उतरली, दोन्ही हातांनी चटई धरली आणि उचलली. म्हातारा उन्हाने लालबुंद झाला होता, खांद्यावर रक्त वाळलं होतं, डोळे मिटलेले. त्याने ते उघडले नाहीत. तिने चटई घडी करून छातीशी धरली आणि पाउलोला म्हणाली, “शहाळं आण. आणि दगड तू मारलास तर पाणीही तूच पाज.”

पाउलोने पाजलं. अर्धं पाणी म्हाताऱ्याच्या गळ्यावरून गेलं.

आत बसल्यावर आकेनेसेने चटई उलगडली आणि तोमाच्या अंगावरून लपेटायला घेतली. “दुपारी पुरायचाय त्याला. यातच जाईल तो.”

आणि मग माझ्या जिभेने दगा दिला. “आजी, ती त्यांची स्वतःची आहे. म्हणजे, मेल्यावर त्यांच्यासाठीची. त्यांच्या बायकोने विणलेली.”

“मासिना!” म्हातारा ओरडला.

आकेनेसेचे हात थांबले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग पुन्हा लपेटायला लागली, मुलाच्या हनुवटीपर्यंत, नीट, काठ आत दुमडून.

“परत नाही देणार,” ती म्हणाली.

“मी मागत नाही.”

“पण उघड्याने नाही जायचं कुणी. मी विणते तुला एक. तिच्याइतकी बारीक.” तिने आपली बोटं वर धरून पाहिली. “हिला चार वर्षं लागली असतील. माझे डोळे तुझ्यासारखेच गेलेत, पण हात जलद आहे. होईपर्यंत मरायचं नाहीस. ऐकलंस का? माझं काम अर्धवट टाकून मेलास तर मी चटई तुझ्या थडग्यावर आणून उसवीन.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. अडतीस वर्षं सात पंतप्रधानांसमोर घातली तशीच, पण या वेळी त्याने आधी डोळे पुसले.

“आपल्या सल्ल्यानुसार,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला, इओसेफो घरी गेला, आणि कोर्टात म्हाताऱ्याने गुन्हा एका वाक्यात कबूल केला. वय बघून कोर्टाने त्याला तुरुंगात धाडलं नाही. आम्ही दर शनिवारी वाइतोआला जायचो, गाडी इओसेफो चालवायचा. म्हातारा ओट्यावर बसून केवड्याची पानं चिरायचा, आकेनेसे त्यातली निम्मी जाड म्हणून फेकून द्यायची. शेवटच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला, डॉक्टरने दोनदा घरच्यांना बोलावून घेतलं, आणि दोन्ही वेळा त्याने डोळे उघडून मला विचारलं, “काठ झाला का?” मी सांगितलं, नाही झाला.

तीन वर्षं आणि चार महिने त्याने तो सल्ला पाळला. चटई ज्या दिवशी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी तो गेला, आणि मी नि आकेनेसेने मिळून त्याला त्यात गुंडाळला.